तांब्यांची गाणी जमवायला घेताना

ग्वाल्हेरात राहून कवी भा. रा. तांब्यांच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका जमवताय, उत्तम. मात्र सुरुवात 'समग्र कविता' या पुस्तकापासून करा. बऱ्याच कवितांखाली जाती (मात्रांवर बेतलेला छंद) किंवा राग, ठिकाण आणि साल छापलेलं आहे; 'लष्कर, ग्वाल्हेर' (तुमच्या शहरातलाच लष्कर भाग) तिथे भेटेलच.

मग रेकॉर्ड ऐकताना कविता पुढ्यात ठेवा आणि कोणती कडवी गायली, त्यावर खूण करा. ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या, एका बाजूवर जेमतेम ३ मिनिटं मावतात, म्हणून लांब कविता गाताना कडवी गाळावीच लागत. गाळलेल्या कडव्यांत कधीकधी खरा जीव असतो, ती वाचायला विसरू नका.

संगीतकाराचं नाव वेगळ्या रकान्यात लिहा. 'मधु मागशी माझ्या सख्या परी' वसंत प्रभूंचं, 'घन तमी' हृदयनाथांचं. दोन्ही लताबाईंनीच गायलेली, त्यामुळे गफलत होते. कवी १९४१ साली गेले, या चाली त्यानंतरच्या. कॅसेटवरचं साल मूळ ध्वनिमुद्रणाचं समजू नका, ते बहुधा पुनर्प्रकाशनाचं असतं.

७८ची लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख विरघळते. मऊ कापड, डिस्टिल्ड पाणी, लेबल कोरडं. आणि एलपीची (नंतरच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची) बारीक सुई तिच्यावर लावू नका; रुंद खाचेत ती तळाला टेकते आणि नुसती खरखर ऐकू येते.