साताऱ्यात घरपट्टी अचानक वाढून आली, कमी कशी करायची?

आधी नगरपालिकेतून असेसमेंटचा उतारा (घरपट्टी आकारणीची नोंद) काढा आणि टेप घेऊन घर स्वतः मोजा, कारण क्षेत्रफळ जास्त लागलंय किंवा पत्र्याच्या खोलीला आरसीसीचा दर लागलाय असं बऱ्याचदा निघतं. आमच्या वरच्या दोन खोल्यांतला भाडेकरू कधीच गेलेला पण आम्ही कळवलंच नव्हतं, उताऱ्यावर तो तसाच, आणि भाड्याच्या जागेला पट्टी जास्त बसते. कळवल्यावर कमी झाली. वाढीची नोटीस आली असेल तर मुदतीतच लेखी हरकत द्या, पोच शिक्का मारून घ्या, सुनावणीला स्वतः जा. घरात माजी सैनिक असतील (आपल्याकडे घरोघरी आहेत) तर एका घराची घरपट्टी माफ होते, अर्ज मात्र करावा लागतो. आणि थकवू नका, महिन्याला 2 टक्के शास्ती (दंड) चढते.