‘बों’, ‘क्वा’, ‘आँफँ’ : खुणा लावण्यापूर्वी

चि. विद्यार्थीमित्रास,
अनेक आशीर्वाद.

बोली फ्रेंचमधले डिस्कोर्स मार्कर, म्हणजे बोलणं सुरू करणारे, वळवणारे, आवरणारे छोटे शब्द, हुडकायचं काम हाती घेतलंस, फार बरं वाटलं. एक आग्रह मात्र धरतो. शब्दांची यादी घेऊन लिप्यंतरात (ऐकून उतरवलेल्या मजकुरात) शोध मारत बसू नकोस, आधी ध्वनिफीत ऐक. ‘से बों’ (ठीक आहे) मधला ‘बों’ विशेषण आहे. ‘बों, ऑनी व्हा’ (बरं, निघू या) मधला मार्कर. ‘त्यू फे क्वा?’ (काय करतोस?) मधला ‘क्वा’ प्रश्नार्थक, तर ‘से शेर, क्वा’ (महागच आहे म्हणायचं) मधला मार्कर. लेखी भाषेवर घडवलेली पदनिर्देशनाची (शब्दाला नाम, विशेषण अशी खूण लावणारी) सॉफ्टवेअरं इथे सहज फसतात.

सरावाला ऑर्लेआँ शहरातला ‘एस्लो’ हा ध्वनिसंग्रह घे. पहिलं ध्वनिमुद्रण १९६८ मध्ये सुरू झालं, दुसरं २००८ मध्ये. त्यामुळे एकाच शहरातलं चाळीस वर्षांच्या अंतराचं बोलणं शेजारी ठेवून ऐकता येतं. पहिल्यांदा दहाच मिनिटांचा तुकडा पुरे. लिप्यंतरात विरामचिन्हं घालू नकोस. स्वल्पविराम टाकलास की निर्णय तिथेच होऊन जातो.

शब्द काढून बघायची कसोटी सगळे सांगतात, पण ती नीट वापरायला हवी. ‘लँदी आँफँ मार्दी’ (सोमवारी, नव्हे मंगळवारी) मधून ‘आँफँ’ काढ. उरतात दोन वार, आणि दुरुस्ती गायब! म्हणून अर्थ बदलतो का, हे विचारायचंच नाही. वाक्यरचना मोडते का, एवढंच बघायचं. इथे मोडत नाही, म्हणून हा मार्कर. त्याचं कार्य : स्वतःची दुरुस्ती.

ईलानमध्ये (ध्वनिफितीवर खुणा लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये) वेगवेगळे थर कर : शब्द, स्थान (आरंभी, मध्ये, शेवटी), कार्य, आणि आगेमागे २०० मिलिसेकंदांहून मोठा विराम आहे का. ‘अ...’ सारख्या अडखळण्यांना स्वतंत्र थर दे. ‘क्वा’ बहुधा आधीच्या बोलण्याला विरामाशिवाय चिकटून येतो. त्याला पुढच्या खंडात ढकललंस तर स्थानाची सगळी मोजणी बिघडते. ‘बों बँ’ (बरं, तर), ‘दोंक व्वाला’ (तर, असं आहे) अशा जोड्या एक धरायच्या की दोन, हे पहिल्याच दिवशी नियमावलीत लिही. माझं मत : दोन धर आणि जोडी असल्याची वेगळी खूण कर. पुढे एकत्र मोजणं सोपं जातं, फोडणं नाही.

मग तोच तुकडा दुसऱ्या कुणाला तरी स्वतंत्रपणे करायला दे. मार्कर आहे की नाही, यावरची सहमती वेगळी काढ. कार्याचा ‘कप्पा’ (योगायोगाने जुळणारी मतं वगळून सहमती मोजणारा आकडा) काढताना दोघांनीही मार्कर मानलेल्या जागाच घे. नुसत्या टक्केवारीवर विसंबू नकोस. एकच कार्य फार वेळा येत असेल तर ती उगाच फुगते. मतभेद बहुमताने मिटवायचे नाहीत. प्रत्येक जागा दोघांनी मिळून पुन्हा ऐका, आधीच्या दोन आणि नंतरच्या एका बोलण्यासकट, आणि ठरलेलं कारण त्या उदाहरणासह नियमावलीत घाला. त्यानंतरच अकराव्या मिनिटाला हात लाव.