लांब हौद्याची पिकअप आखूड करण्यापूर्वी

हौदा कापणे त्या मानाने सोपे; खरा कस चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर लागतो, म्हणून आधी तिचाच विचार करा. अमेरिकेतील १९६७ ते १९७२ च्या शेव्हरोले सी-१० मध्ये लांब व आखूड गाड्यांच्या व्हीलबेसमध्ये (पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलमधील अंतरात) १२ इंचांचा फरक आहे, आणि तेवढा तुकडा केबिन व मागच्या अ‍ॅक्सलच्या मधूनच काढावा लागतो. काप सरळ उभा न घेता पायरीसारखा घ्यावा, आतून पट्टी द्यावी, आणि पक्के वेल्डिंग करण्यापूर्वी चॅसीचे दोन्ही कर्ण मोजून ते जुळल्याची खात्री करावी. येथे घाई झाली तर गाडी कायमची तिरकी धावते. मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टही आखूड करून बॅलन्स करून घ्या. मात्र आपल्या इंदूरमध्ये नोंदलेल्या गाडीला कटर लावण्याआधी आरटीओशी अवश्य बोला, कारण नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मज्जाव करते.