आधी जमीन बघून ये

बाय,

रात्री पावणेबाराला तुझ्या नृत्याच्या फोटोशूटबद्दल तुझे अकरा मेसेज आले. साडी मोरपिशी की लाल, दागिने टेंपलचे की मोत्यांचे, केसांत अबोली की शेवंती, जागा वागातोरचा किनारा की तांबडी सुर्लचं देऊळ की पणजीतली जुनी वस्ती फोंताईनस. अकरांत एकही प्रश्न पायांबद्दल नाही. सात वर्षं तुला भरतनाट्यम शिकवलं, म्हणून राग आला. मग झोप उडाली, म्हणून हे पत्र.

जमीन बघून ये. ज्या वेळेला शूट आहे त्याच वेळेला, अनवाणी. साडी नंतर ठरव.

'ताई, फोटो बघितलेत ना मी त्या जागेचे' असं म्हणशील. फोटोत जमीन नसते गो, जमिनीचा रंग असतो. वागातोरची वाळू घे. सुक्या वाळूत अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसलीस की टाचा रुततात, तोल सावरायला गुडघे आत येतात, आणि कॅमेरा नेमका गुडघा पकडतो. पाण्यालगतची ओली पट्टी घट्ट असते, तिथे नाचता येतं. पण भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. आठवड्याभरात हिशेब उलटतो: गेल्या शनिवारी संध्याकाळी ओहोटीत जिथे मैत्रिणीने रील काढली, तिथे येत्या शनिवारी त्याच वेळी पाणी असेल. तेव्हा भरतीचं वेळापत्रक बघ आणि आदल्या दिवशी जाऊन उभी राहा.

तांबडी सुर्लचं महादेवाचं देऊळ मला तुझ्याइतकंच आवडतं. कदंबांच्या काळातलं, काळ्या बेसॉल्टचं. आपला जांभा तिथे नाही, म्हणून गोव्यात असूनही ते वेगळं दिसतं. काळा दगड उजेड गिळतो, मोरपिशी साडी त्यात बुडून जाईल. हे झालं साडीचं उत्तर, आणि तेसुद्धा जागेनेच दिलं. देऊळ पूर्वाभिमुख, पण भोवती डोंगर आणि रान, त्यामुळे पंचांगातल्या सूर्योदयाला तिथे ऊन येत नाही, ते डोंगर चढून येतं. कधी येतं ते तिथे थांबून बघ. वास्तू संरक्षित आहे. फोटोग्राफर स्टँड लावणार असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा. फोंताईनसचा विचार सोड. ती लोकांची घरं आहेत, फोटो काढू नका म्हणून पाट्या लावून ती माणसं कंटाळली.

आता माझं ऐक. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही.

मी चोवीस वर्षांची होते. अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचं पहिलं सादरीकरण, झालं होतं, पहिला मोठा कार्यक्रम दोन महिन्यांवर होता, पत्रिकेसाठी फोटो हवा होता. गावातल्या देवळाच्या तळीच्या पायऱ्या ठरल्या. आणि मी जागा बघायला गेले होते! दुपारी चार वाजता, पायांत चपला. पावसाळा नुकताच संपलेला, जांभ्यावरचं शेवाळ सुकून तपकिरी झालेलं, दगड खरखरीत वाटला. शूट पहाटेचं. पहाटे दव पडलेलं होतं, आणि दवाने भिजलेलं तेच शेवाळ म्हणजे साबण. तिसऱ्या उडीला डावा घोटा गेला. आठ महिने घुंगरू बांधले नाहीत. तो कार्यक्रम दुसऱ्या मुलीने केला आणि छान केला.

फोटोग्राफरला मी कितीतरी वर्षं दोष दिला, 'आणखी एकदा' म्हणाला म्हणून. त्याचं काय चुकलं? हवेतली उडी गोठवायची तर शटर हजारांश सेकंदाच्या आसपास ठेवावं लागतं, वरच्या टोकाचा तो एक क्षण सापडेपर्यंत तो वीस उड्या मागणारच. वीस उड्या म्हणजे वीसदा उतरणं. उतरण्याचा फोटो कोणी काढत नाही.

आमच्या वाड्यावर पौषात धालो, म्हणजे बायकांची गाणी-नाच, व्हायचे. आजी मांड, म्हणजे नाचायची पवित्र जागा, शेणाने सारवायची आणि मांडाला हात जोडल्याशिवाय एकही बाई पाय उचलायची नाही. मला ती निव्वळ श्रद्धा वाटायची. पण सारवताना प्रत्येक खडा तिच्या हाताला लागलेला असायचा! तू रोज भूमीला नमस्कार करतेस, पायाच्या स्पर्शाची क्षमा मागतेस, आणि शूटच्या दिवशी भूमी कशी आहे ते फोटोग्राफरला विचारतेस?

मला हट्टी म्हणतात, ठाऊक आहे. जागा न बघता शूटला निघालेल्या एका मुलीला मी दारातच अडवलं, तिने क्लास सोडला. तिचे फोटो सुंदर आले, कुठेही पडली नाही. तिच्या आईने मला ते मुद्दाम दाखवले. तरी मी चुकले असं मला वाटत नाही. बोलले वाईट, ते मान्य.

बाकीचं पटकन. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मेकअपला दोन तास धर. मावळत्या उन्हाकडे तोंड करू नकोस, डोळे बारीक होतात आणि अभिनय तिथेच संपतो. आळता चांगला सुकू दे. खाऱ्या पाण्यात रेशीम नेऊ नकोस, जुनी साडी ने. घुंगरू मात्र बांध. फोटोला आवाज नसतो हे मलाही कळतं, पण घुंगरांशिवाय तुझे पाय आळशी पडतात, ते दिसतं. वाळूत चामड्याचे नकोत, दोरीत ओवलेले जुने माझ्याकडे आहेत, घेऊन जा. फुलं अबोलीची.

तर जाऊन ये. उद्या, संध्याकाळी पाचला, चप्पल गाडीत ठेवून. वागातोरच्या ओल्या पट्टीवर अरमंडीत बसून तिन्ही काळांत, म्हणजे तिन्ही लयींत, पाय आपटायचा तट्टडवू कर, लोक बघतील, बघू देत. मग मला फोन कर आणि साडीचं काही न बोलता आधी सांग, उजव्या टाचेखाली काय लागलं.

तुझी,
ताई