किराण्यावर महिन्याला दहा हजार जातात, तरी वीस तारखेला डबे रिकामे. कुठे चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की घरात चौघं आहात, दोन मुलं शाळेत, पुण्यात भाड्याचं घर. महिन्याच्या पहिल्या रविवारी सुपरमार्केटमधून गाडी भरून सामान येतं, सवलती बघूनच घेता, आणि तरी वीस तारखेच्या आसपास तेल, पोहे, साखर परत आणावी लागते. चार वर्षांपूर्वी आमच्याकडेही हेच चालायचं. आम्ही पाच माणसं, सिंहगड रस्त्याला राहतो. त्यामुळे पुस्तकी न सांगता, आमच्या स्वयंपाकघरात जे लागू पडलं तेच सांगते.

आधी एक काम करा. वरच्या कप्प्यातलं सगळं खाली ओट्यावर काढा. आमच्याकडे ते दिवाळीच्या साफसफाईत सासूबाईंनी केलं. राजम्याची दोन पाकिटं निघाली, दोन्ही अर्धी, रबर लावलेली. साबुदाणा तीन ठिकाणी. मसूर डाळीचं किलोभराचं पाकीट उघडलंही नव्हतं आणि तारीख उलटून गेलेली. रव्याला जाळी धरलेली. सासूबाई बोलल्या काही नाहीत. रवा परातीत ओतून बोटाने जाळी बाजूला करत बराच वेळ बसल्या, मग उचलून खाली झाडाच्या बुंध्याशी मुंग्यांना टाकून आल्या. टाकलेल्या जिनसांचा हिशेब केला तर आठशेच्या वर गेला. आणि त्याच आठवड्यात मी तेल संपलं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून छापील किमतीला पिशवी आणली होती.

म्हणजे कपाट भरलेलं आणि रोजचे डबे रिकामे. तुमच्याकडेही तेच होत असणार, असं मला तुमचा प्रश्न वाचून वाटलं. आपण महाग घेतो म्हणून पैसे जातात असं नाही. घरात नक्की काय आणि किती लागतं हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून जातात. यादी आपण सवयीने करतो. मागच्या महिन्याची यादी पुढे सरकते, इतकंच.

सासूबाई वाड्यात राहायच्या तेव्हा डबा उघडला की त्यावर खडूने तारीख घालायच्या. मी कागदी चिकटपट्टी लावते आणि पेनाने लिहिते: तेल, दुसरी पिशवी, 9 तारीख. चहा पावडर, अर्धा किलो, 3 तारीख. पुढचं पाकीट फोडलं की दोन तारखांमधले दिवस मोजायचे, एवढंच. पहिला महिना खरेदीत काहीही बदलू नका, फक्त लिहा. आमचं काय निघालं ते सांगते. साखर मी 5 किलो आणायचे, लागत होती साडेतीन. मूगडाळ दर महिन्याला किलोभर यायची, संपायची जेमतेम अर्धा किलो. तेल मात्र 4 पिशव्या यायच्या आणि लागायच्या पाच. म्हणजे नको ते साठत होतं, आणि हवं ते महिनाअखेरीला दुकानात मिळेल त्या भावाने येत होतं. दोन महिन्यांच्या नोंदी झाल्यावर माझी यादी जी बनली तीच आजही चालते. फक्त श्रावण-गणपतीत आणि दिवाळीत वेगळी करते.

यादी करताना मोबाइल घेऊन सोफ्यावर बसू नका. डब्यांसमोर उभं राहा, झाकण उघडा, आत बघा, मग लिहा.

आता दुकानात गेल्यावर. पाकिटावर दोन आकडे बघायचे, किंमत आणि वजन. कमाल किरकोळ किमतीजवळ आता प्रति ग्रॅम, प्रति किलो किंवा प्रति लिटर दरही छापलेला असतो, तो बारीक अक्षरातला दर वाचायची सवय लावा. तेलात फसगत फार होते. 1 लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. शेजारीच तशीच दिसणारी, तेवढीच फुगलेली पिशवी असते आणि तिच्यावर 800 किंवा 850 ग्रॅम लिहिलेलं असतं. समजा लिटरची पिशवी 150 ला आहे आणि 800 ग्रॅमची 138 ला. हाताला दुसरी स्वस्त लागते. किलोवर आणा: पहिली पडते 165 ला, दुसरी एकशे साडेबहात्तरला. डब्याचंही तसंच. 15 किलोचा डबा आणि 15 लिटरचा डबा बाहेरून सारखेच वाटतात, पण 15 लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा-पावणेचौदा किलोच असतं. दुकानदाराला भाव विचारताना "किलोचा की लिटरचा?" हे आधी विचारा.

बिस्किटं, फरसाण, साबण यांची किंमत तीच राहते आणि वजन हळूच कमी होतं, म्हणून तिथेही तोच बारीक दर वाचायचा. आणि बिल काउंटरवरच, पुढच्या माणसाला जागा देऊन, बाजूला उभं राहून तपासा. माझ्या बिलात एकदा फळीवर लिहिलेल्या भावापेक्षा तूप 45 रुपयांनी जास्त लागलं होतं. दाखवल्यावर त्यांनी लगेच दुरुस्त केलं. घरी आल्यावर लक्षात आलं असतं तर मी परत गेले नसते.

दोनावर एक फुकट यात मी फक्त साबण, कपड्यांची पावडर, टूथपेस्ट, भांड्यांचा बार घेते. खायची वस्तू घेत नाही. दोन पाकिटं बिस्किटं जास्त आली तर मुलं ती दोन दिवस आधी संपवतात, पुढच्या महिन्याला पुरत नाहीत.

सगळं एकाच ठिकाणाहून घेऊ नका. जे कमी लागतं ते वाण्याकडून. खसखस 50 ग्रॅम, दालचिनी दहा रुपयांची, साबुदाणा पाव किलो, असं सुटं मागता येतं. सुपरमार्केटमध्ये त्याचंच अर्धा किलोचं पाकीट घ्यावं लागतं आणि मग ते वरच्या कप्प्यात जातं. आमच्या कोपऱ्यावरचे शेटजी मला 20 ग्रॅम शहाजिरेही कागदाच्या पुडीत बांधून देतात. त्यांचा भाव किलोवर काढला तर जास्त असेल, पण माझे पैसे कमी जातात.

आणि जे भरपूर लागतं, गहू, तांदूळ, ज्वारी, तूरडाळ, ते मार्केटयार्डच्या भुसार बाजारातून किंवा तुमच्या जवळच्या धान्याच्या दुकानातून, मोठ्या मापाने. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या पॅकबंद धान्य, डाळी आणि पिठावर 5 टक्के जीएसटी लागतो. सुट्या धान्यावर तो नाही आणि 25 किलोच्या वरच्या पोत्यावरही नाही. तांदळाची 26 किलोची किंवा 30 किलोची पोती दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

"चौघांच्या घरात 30 किलो तांदूळ कुठे ठेवू?" असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. आमच्या इमारतीत आम्ही चौघी मिळून पोतं घेतो. एकीकडे उतरवतो, वजनकाट्यावर वाटून घेतो. यात आम्ही नवं काही केलेलं नाही. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून हेच करत आली आहे: शेजारपाजारच्या घरांनी एकत्र येऊन संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल एका घरी उतरवायचा आणि आपसात वाटून घ्यायचा. माझी मावशी डोंबिवलीला होती, तिच्याकडे महिन्यातून एकदा हॉलभर पिशव्या मांडलेल्या असायच्या आणि आम्हा मुलांना नावांच्या चिठ्ठ्या लावायचं काम मिळायचं. तुमच्या जवळपास असा संघ असेल तर जरूर जोडून घ्या. नसेल तर तीन घरंही पुरतात.

एकरकमी पैसे काढणं जड जातं, त्याला आमच्याकडे धान्य भिशी आहे. दर महिन्याला प्रत्येकी 500 रुपये, आणि एप्रिलमध्ये त्यातून गहू-ज्वारी भरायची. त्या महिन्यात पगाराला हात लागत नाही.

कधी भरायचं, हे नीट लक्षात ठेवा. गहू आणि ज्वारी मार्च ते मे. सोलापूरकडची मालदांडी ज्वारी त्याच सुमाराला नवी येते. तूरडाळ उन्हाळ्याच्या तोंडावर, नवी तूर बाजारात येऊन डाळ भरडली गेली की. इंद्रायणी दिवाळीनंतर येतो, पण नव्या तांदळाचा भात चिकट होतो. आमच्याकडे तो आवडतो म्हणून घेते, तुम्हाला मोकळा भात हवा असेल तर जुनाच मागा. कांदा एप्रिल-मेमधला गरवा घ्या. पावसाळ्यानंतरचा हळवा कांदा टिकत नाही, तो आठवड्यापुरताच आणायचा. गरवा मी 20 किलो घेते, बाल्कनीत बांबूच्या पाटीत पसरते आणि दर रविवारी हात फिरवून नरम झालेले आधी वापरायला काढते. गणपतीनंतर बाहेर कांदा महागला तरी आमची पाटी निम्मी भरलेली असते.

धान्य भरताना एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. गव्हाला दोन दिवस कडक ऊन दिलं आणि संध्याकाळी गरम गरमच कोठीत भरला. आतल्या उबेने झाकणाला पाणी सुटलं, वरचा थर कुबट झाला. ऊन दिलेलं धान्य रात्रभर घरात पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं, मगच भरायचं. गव्हाला आणि डाळीला एरंडेल तेल लावतात ते अगदी बेताचं: तळहाताला चोळायचं आणि हात धान्यातून फिरवायचे, दाणा चमकला की पुरे. तांदळात कडुनिंबाचा वाळलेला पाला. बोरिक पावडर मी वापरत नाही, लहान मुलांच्या घरात तर नकोच. कोठीतलं धान्य काढायचं ते कोरड्या वाटीने, ओल्या हाताने कधीच नाही. तुमचं घर लहान आणि भाड्याचं आहे, तर वर्षाचं भरण्याच्या मागे लागू नका, तीन महिन्यांचं भरा. आणि मुंबई-कोकणातली मंडळी हे वाचत असतील तर त्यांनी पावसाळ्याआधी जास्त साठा करूच नये, दमट हवेत सोंडे फार लवकर होतात.

गहू घरचा असला की गिरणीतून दळून आणा. गव्हाचा भाव अधिक दळणाचे पैसे आणि पॅकबंद आटा यांत आमच्याकडे किलोमागे आठ-दहा रुपयांचा फरक पडतो, आणि पोळ्या दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ राहतात हा माझा अनुभव.

आता सगळ्यात मोठी गळती. दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲप्स. माझ्या मुलाच्या फोनवर एका महिन्यातल्या ऑर्डर मोजल्या तर 23 निघाल्या. त्यातली एक मला अजून आठवते: कोथिंबीर 18 रुपयांची, आणि डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून सोबत चिप्स, चॉकलेट, थंड पेय मिळून 190 रुपये. कोथिंबीर नसती तरी आमटी झाली असती. आम्ही ॲप काढून टाकलं नाही, आजारपणात उपयोग होतो. पण फ्रीजवर एक कागद लावला: संपलेली वस्तू त्यावर लिहायची आणि बुधवारी एकदाच आणायची. बुधवारपर्यंत निम्म्या वस्तूंची गरज उरत नाही. तुमच्या दहा हजारांत या ऑर्डरी धरल्यात की नाहीत ते बघा. बहुतेक वेळा त्या "इतर खर्चा"त जातात.

भाजीबद्दल थोडक्यात: आठवडे बाजार, संध्याकाळची वेळ, हंगामाची भाजी. पालेभाजी दोन दिवसांचीच घ्या.

एक मात्र कळकळीने सांगते. पैसे वाचवायचे म्हणून डाळ, शेंगदाणे, दूध, मुलांची फळं यांना कात्री लावू नका. माझ्या लहानपणी महिनाअखेरीला आमच्या घरी आमटी पातळ व्हायची. आई वरचं पाणी स्वतःच्या भातावर घ्यायची आणि तळातली डाळ आम्हाला वाढायची. ते आम्हाला तेव्हा कळत नव्हतं. आज तूरडाळ महाग झाली तर मी मसूर, मूग, चवळी, हुलगे फिरवून करते, पण आमटी घट्टच ठेवते. तसंच सुटं तेल आणि सुटी हळद-तिखट पूड स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, भेसळ ओळखता येत नाही. मिरची आणि हळकुंडं अख्खी आणून उन्हाळ्यात डंखावर कुटून आणली तर स्वस्तही पडतं आणि काय खातोय ते माहीत असतं.

आमचा किराणा 9,400 च्या आसपास असायचा, तो चौथ्या महिन्यात 7,100 वर आला. गेल्या वर्षभरात भाव वाढले तरी आठ हजारांच्या आतच आहे. पहिल्या महिन्यात तुमचे फारसे पैसे वाचणार नाहीत, त्याने खचू नका. तो महिना लिहायचा आहे. पुढची तेलाची पिशवी फोडाल तेव्हा डब्यावर तारीख घाला, आणि महिनाभराने काय काय किती दिवस पुरलं ते इथेच लिहा. चौघांच्या मानाने कुठे जास्त वाटतंय ते मी माझी वही शेजारी ठेवून बघते.