खाणीचे कागद वाचायला बसतोयस तर

वणी-चंद्रपूरकडच्या खुल्या कोळसा खाणीचा प्रस्ताव पहिल्यांदा तपासणार असशील, तर सुरुवात पर्यावरणावरच्या परिणामांच्या जाडजूड अहवालापासून करू नकोस. आधी त्याचा मराठी सारांश वाच. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार तो द्यावाच लागतो, आणि जनसुनावणीआधी किमान 30 दिवसांची सूचनाही.

मग थेट नकाशांवर ये. वरची काळी माती कुठे साठवणार, ओबीचे (कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचे) ढिगारे नाल्यापासून किती लांब, त्यांच्या पायथ्याशी चर आणि गाळ बसायला टाकी दाखवली आहे का, हे बघ. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट ती काळी मातीच. ती मुरूम-दगडात मिसळली की पुढे त्या जमिनीवर पीक धरत नाही, झाडं लावल्याचे फोटो कितीही काढोत. म्हणून साठ्याची जागा गट क्रमांकासह माग.

खाणबंदी आराखडा, म्हणजे खाण बंद करून जमीन पूर्ववत कशी करणार त्याचा आराखडा, वेगळा असतो. त्यासाठी कंपनीला कोळसा नियंत्रकांसोबतच्या एस्क्रो खात्यात (त्यांच्या परवानगीशिवाय पैसे काढता येत नाहीत अशा खात्यात) दरवर्षी पैसे भरावे लागतात. कोणत्या वर्षी किती हेक्टर भरून पूर्ववत करणार, तो तक्ता उत्खननाच्या तक्त्याशेजारी ठेव. भराव सारखा मागे पडत असेल तर तिथेच बोट ठेव.

सुनावणीत बोललास की लेखी हरकतही दे, पोच घे. शेवटी इतिवृत्त मराठीतून वाचून दाखवतात; तोवर उठू नकोस. तुझा मुद्दा सुटला असेल तर तिथल्या तिथे सांग.