सासूबाईंच्या डब्यातल्या नोटा

प्रश्न: काका नमस्कार. मागच्या महिन्यात सासूबाई गेल्या. त्यांची लुगड्यांची ट्रंक आवरताना तळाला एक पितळी डबा निघाला, त्यात जुन्या 500 च्या 14 नोटा, 1000 च्या 3, एक गुलाबी 2000 ची, पाचच्या ट्रॅक्टरवाल्या चारपाच नोटा आणि मूठभर चार आणे. नोटाबंदीच्या वेळी आम्ही त्यांना दहादा विचारलं होतं, दर वेळी एकच, "माझ्याकडं काय असणार गं". आता या बदलून मिळतील का? नवरा म्हणतो घरात ठेवणंसुद्धा गुन्हा आहे. आणि सासरे म्हणतात, सहासष्ट साली पण असंच झालेलं, अवमूल्यन. म्हणजे तेव्हाही नोटा बंद झाल्या होत्या का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: ताई, पहिल्यांदा वाईट बातमी सांगून टाकतो, 500 आणि 1000 च्या नोटांचं आता काही होत नाही. जमा करायची मुदत 30 डिसेंबर 2016 ला संपली आणि 2017 च्या कायद्याने त्या नोटांची रिझर्व्ह बँकेवरची जबाबदारीच काढून टाकली. तरी एकदा 500 ची नोट उलटी करून बघा हं, मागे दांडीयात्रा असेल तर जुनी, लाल किल्ला असेल तर नवी, ती चालते. घाईत सगळंच रद्दी समजून टाकू नका.

मी तेव्हा कॅश काउंटरला होतो, रिटायर व्हायला दोन वर्षं होती. 8 नोव्हेंबरला मंगळवारी रात्री घोषणा झाली, बुधवारी बँका बंद, गुरुवारी शटर वर केलं तर रांग कोपऱ्यावरून वळून पार मागच्या गल्लीत गेलेली आणि रांगेत माणसांपेक्षा चपला, विटा न पाण्याच्या बाटल्याच जास्त, माणसं सावलीला बसलेली. त्या दिवसांत माझ्याकडं आलेल्या निम्म्या नोटा बायकांच्या होत्या असं मला अजून वाटतं (मोजल्या नाहीत, पण वास सांगतो). डांबराच्या गोळ्यांचा वास, हळदीचा वास, एका आजीच्या नोटा तर सुपारीएवढ्या घड्या घातलेल्या, मशीन घेईना, मग मी त्या एकेक करून काउंटरच्या कडेला घासून सरळ केल्या न हाताने मोजल्या. आजी सारखी मागे वळून बघत होती, मुलगा आत आलाय का म्हणून. तुमच्या सासूबाई का बोलल्या नसतील हे मला तरी विचारायची गरज वाटत नाही. शिवाय तुमच्याकडं सगळे व्यवहार जिल्हा बँकेत, आणि 14 नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती बँकांना या नोटा घ्यायलाच मनाई झाली, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. काउंटरवर बदलून देणं तर 24 तारखेलाच थांबलं, पुढं फक्त खात्यात भरायच्या, आणि ज्या बाईचं खातं नवऱ्याबरोबर जॉइंट तिनं काय करायचं?

आता तुमच्या मिस्टरांचं. ते अर्धे बरोबर आहेत. एका माणसाकडं अशा जुन्या नोटा दहापर्यंत चालतात, अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी असतील तर पंचवीस. त्यावर गेलं तर दंड 10,000 रुपयांपर्यंत किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, यातला जो जास्त तो. तुमच्या 17 नोटा म्हणजे बरोब्बर 10,000 रुपये, पाचपट धरली तर 50,000. कोण घरात येऊन मोजणारे म्हणा, पण विषाची परीक्षा कशाला. माझा सल्ला विचाराल तर भावंडांत, नणंदेत आईची आठवण म्हणून दोन-दोन, तीन-तीन वाटून टाका, आपोआप कायद्यातही बसतं.

सासऱ्यांचं मात्र थोडं मिक्स झालंय, खूप जणांचं होतं. 6 जून 1966 ला झालं ते अवमूल्यन, म्हणजे डॉलरचा भाव 4 रुपये 76 पैशांवरून साडेसातवर नेला. नोट एकही बंद झाली नाही, खिशातली शंभरची शंभरच राहिली, फक्त बाहेरून माल आणायला जास्त रुपये मोजायला लागले. युद्धं झालेली, दुष्काळ पडलेला, परकीय चलन संपत आलेलं आणि मदत देणाऱ्यांचा दबाव. (कुठं 36.5 टक्के वाचाल, कुठं 57, दोन्ही बरोबर. रुपया डॉलरमध्ये साडेछत्तीस टक्क्यांनी उतरला, पण त्यामुळं डॉलर आपल्याला 57 टक्क्यांनी महाग झाला.) नोटा बंद झाल्या त्या 1946 ला, मग जानेवारी 1978 ला मोरारजींच्या काळात, 1000, 5000 आणि 10,000 च्या. त्या वेळी साध्या माणसाने हजाराची नोट लांबूनच बघितलेली, त्यामुळं रांगा लागल्या त्या ठरावीक लोकांच्या. 2016 मध्ये चलनातली 86 टक्के रक्कम एका रात्रीत गेली, तो फरक आहे.

राहिले चार आणे, ते 30 जून 2011 पासून बंद, पोरांना खेळायला द्या. ट्रॅक्टरवाली पाचची नोट अजून पाच रुपयाला चालते, फक्त पाचच रुपयाला. मोबाईलवर कुणी लाखात विकत घेतो म्हणेल आणि आधी "रजिस्ट्रेशन फी" मागेल, त्याला एक रुपया पाठवू नका, रिझर्व्ह बँकेनेच या फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलंय.

गुलाबी नोट मात्र जपा, ती 2023 ला परत घ्यायला लागले तरी रद्द केलेली नाही. साधी बँक घेणार नाही, रिझर्व्ह बँकेचं ऑफिस लागेल, आपल्याकडं मुंबई, बेलापूर आणि नागपूर. दोन हजारासाठी एवढं जायचं नसेल तर पोस्टानेही पाठवता येते, पैसे थेट खात्यात येतात. खातं तुमच्या स्वतःच्या नावाचं द्या.